धानाच्या बांधीतील बैल : भंडारा परिसरातील गोवंशनिवडीचा मागोवा

भंडारा शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, मोहाडी तालुक्यात वरठी हे गाव आहे. नागपूर-गोंदिया लोहमार्गावरील ‘भंडारा रोड’ स्थानक याच गावी असल्यामुळे जिल्ह्याच्या दळणवळणाच्या इतिहासात वरठीला आपले असे स्थान प्राप्त झाले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग आपल्या ताब्यात घेऊन त्याचे रूंदीकरण केले. तेव्हापासून मोटारींचा काळ येईपर्यंत स्थानक आणि जिल्ह्याचे ठाणे यांमधील अंतर माणसांना व मालाला बैलांच्या पायांनीच काटावे लागे. स्थानकाच्या सडकेवर धावणारा बैल आणि सडकेच्या दोन्ही अंगांच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात ओढणारा बैल हे दोन्ही येथे एकाच वेळी दृष्टीस पडत. सामान्य प्रेक्षकाला ते दोन्ही ‘बैल’च वाटले असतील. परंतु या दोन कामांना लागणारी जनावरे एकाच घडणीची नव्हेत, आणि पूर्व विदर्भातील गोवंशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षाचा इतिहास आहे.

भौगोलिक दृष्ट्याही वरठीचा प्रदेश सीमेवरचा आहे. पश्चिमेस नागपूर व त्यापलीकडे वर्धा हा कापूस-ज्वारीच्या काळ्या जमिनीचा मुलूख. तो आणि उत्तरेकडील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे जिल्हे मिळून गवळाऊ गोवंशाचा टापू होतो. दक्षिणेस व आग्नेयेस वैनगंगेच्या खोऱ्याने उतरत गेले की चंद्रपूर-गडचिरोलीचा अरण्यमय भाग लागतो. आज ‘कठाणी’ या नावाने ओळखला जाणारा गोवंश तिकडचा. मध्ये झाडीपट्टीतील तलावांचा आणि धानाचा हा पट्टा आहे. येथील एक-दोन हेक्टरांच्या धनीने कोणते जनावर दावणीला बांधावे, हा प्रश्न वरवर पाहता कृषिशास्त्राचा वाटतो. वास्तविक त्याचे उत्तर प्रत्येक पिढीत सडक, सरकार आणि कायदा यांनी मिळून दिले आहे.

पशुपालनाच्या पाश्चात्त्य वाङ्मयात गोवंशाचे दुधाचे आणि मांसाचे असे दोन ठळक विभाग आढळतात. अठराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल याने निवडपद्धतीने गुरांच्या जाती घडविल्या, त्या वेळी तेथील नांगर बैलाकडून घोड्याकडे जाऊ लागला होता. ओढकामातून मोकळे झालेले जनावर खाटकाच्या दृष्टीने घडविणे त्यामुळे शक्य झाले. आपल्याकडे हे घडले नाही. भारतीय गोवंशाचे रूढ वर्गीकरण दुधाळ, दुहेरी उपयोगाचे आणि ओढकामाचे असे त्रिविध आहे. केवळ मांसासाठी घडविलेली जात असा चौथा वर्ग त्यात नाही. याचा अर्थ भारतीय गुरांचे मांस कोणी खात नव्हते किंवा त्यांच्या अंगी तो गुण नव्हता, असा मात्र कोणी घेऊ नये. आंध्रातील ओंगोल गुरे ब्राझीलमध्ये गेली आणि ‘नेलोर’ या नावाने त्या देशाच्या मांसोत्पादनाचा मुख्य आधार झाली. अमेरिकेतील ‘ब्राह्मन’ ही मांसासाठी पाळली जाणारी जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची अशा भारतीय रक्तांच्या मिश्रणातून निघाली. यांतील कृष्णाकाठी गुरे तर सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांच्या आश्रयाने वाढलेली. तात्पर्य, एकाच रक्ताच्या जनावराला कृष्णेच्या काळ्या रानात नांगर मिळाला आणि टेक्ससच्या कुरणात वजनकाटा. जनावराची जात त्याच्या रक्तात जितकी असते तितकीच ती त्याला पाळणाऱ्या समाजाच्या गरजेतही असते.

गवळाऊचा पूर्वेतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पांढरा अथवा करडा वर्ण, लांबट व सडपातळ बांधा, आखूड शिंगे आणि तरतरीत चाल ही या गोवंशाची लक्षणे. एन. आर. जोशी व आर. डब्ल्यू. फिलिप्स यांचा भारत व पाकिस्तानातील गोवंशांवरील ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात गवळाऊची गणना ओंगोल व कृष्णाकाठी यांच्याच गटात केली आहे, आणि ओंगोलशी तिचे साम्य अनेक जाणकारांनी नमूद केले आहे. गोंडवनाच्या डोंगराळ मुलखातून लष्करी सामानाची जलद वाहतूक करण्यासाठी मराठ्यांनी ही गुरे पळण्याच्या दृष्टीने घडविली, अशी या वंशाविषयीची परंपरा आहे. परंपरेतील तपशील तपासून घ्यावेत हे खरेच. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या फौजा ओडिशा-बंगालपर्यंत जात होत्या, आणि अशा सत्तेला मंद पण बलवान बैलापेक्षा हलका व चपळ बैल अधिक मोलाचा वाटावा, यात काही नवल नाही. गवळाऊ ही अशा रीतीने रस्त्याची जात होय. सडकेवर तिचे मोल दिसते. छकड्याला जुंपली म्हणजे तिची ऐट डोळ्यांत भरते. तिच्या गाई एका वेताला सरासरी सुमारे सहाशे किलो दूध देतात. दुधाळ म्हणवणाऱ्या जातींपुढे हे थोडे असले तरी लहान घराला पुरेसे आहे.

धानाच्या बांधीचे गणित निराळे आहे. भंडाऱ्यात वर्षाकाठी सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढात बांध्या भरल्या म्हणजे चिखलणी होते आणि मग रोवणी. चिखलणीच्या दिवसांत बैलाला घोटाभर नव्हे, गुडघाभर गाळातून पाय उपसून काढावा लागतो. धुऱ्यांनी तुकडे पाडलेल्या लहान बांध्यांत त्याला पावलापावलावर वळावे लागते आणि ओल्या अंगाने दिवसेंदिवस उभे राहावे लागते. थोराड बैल गाळात रुततो. धावणारा बैल घाबरतो व दमतो. बुटका, आटोपशीर, टणक खुरांचा आणि संथ स्वभावाचा बैल तेथे टिकतो. जेथे जमीन फारच दलदलीची तेथे शेतकरी रेड्याची जोडी धरत, पण रेड्याला ऊन सोसत नाही आणि उन्हाळी वाहतुकीला तो उपयोगी पडत नाही. दुसरा प्रश्न वैरणीचा. ज्वारीच्या मुलखात कडबा असतो. धानाच्या मुलखात तणीस असते, आणि धानाचे तणीस हे गुरांच्या खाद्यांतील निकृष्टांपैकी एक होय. त्यात प्रथिने थोडी आणि वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, पुष्कळ असते. कडब्यावर पोसलेल्या वंशाचे जनावर तणसावर आणून बांधले तर दोन पावसाळ्यांत त्याची हाडे वर येतात. लहान अंगाच्या गावठी जनावराची गरजच कमी असल्यामुळे ते त्यातच भागवते. बाहेरच्या पाहणाऱ्यास जो खुजेपणा वाटतो, तो या व्यवस्थेत पुष्कळदा हिशेबाने आलेला असतो.

हा हिशेब कोणी वहीत मांडला नव्हता. मालगुजारीच्या काळात गावची गुरे एकत्र राखली जात. गोवारी समाजाकडे हे काम परंपरेने असे, आणि दिवाळीनंतरच्या गायगोधनाच्या उत्सवात त्या नात्याची खूण अद्यापही टिकून आहे. निस्ताराच्या हक्काने गुरे गावच्या झुडपी रानात चरत. कळपात कोणता गोऱ्हा मोकळा ठेवायचा आणि कोणता ठेचायचा, एवढीच काय ती निवड माणसाच्या हाती होती. उरलेली निवड पाऊस, तणीस, गोचीड आणि गाळ करीत. गाईला दुधासाठी थोडेच महत्त्व होते. ती बैलाची आई म्हणून पाळली जाई. घरी दोन वासरे निपजली आणि त्यांची जोडी जमली की शेतकऱ्याचा बाजारातील बैलाचा खर्च वाचे. लहान शेताच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. विकत घेतलेली जोडी म्हणजे सावकाराचे घर, आणि जोडीतील एक बैल ऐन रोवणीत बसला तर वर्षच हातचे जाई.

सरकारी दप्तरात या जनावराला नाव मिळाले नाही. १९१९-२० साली देशातील पशुगणनेस प्रारंभ झाला, तेव्हा प्रश्न मुख्यतः संख्येचा होता. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात एक दुष्टचक्र दाखवून दिले. बैल निकृष्ट म्हणून शेतकरी अधिक गुरे ठेवतो, गुरे अधिक म्हणून चारा अपुरा पडतो, आणि चारा अपुरा म्हणून गुरे आणखी निकृष्ट होतात. हे निदान अनेक ठिकाणी खरे होते. परंतु त्यातून जी दृष्टी रूढ झाली तिच्यात ‘सुधारणा’ म्हणजे थोर अंगाच्या, ठराविक वर्णाच्या, नाव असलेल्या जातीचा वळू गावात आणणे, असे समीकरण बसले. सर आर्थर ऑल्व्हर यांनी १९३८ साली भारतातील प्रमुख गोवंशांचे संक्षिप्त सर्वेक्षण प्रसिद्ध केले. अशा सर्वेक्षणांत ‘प्रमुख’ ठरण्यास वर्णाचा एकसारखेपणा आणि बाजारातील कीर्ती या दोन गोष्टी लागत. पूर्व विदर्भातील रानगुरांत या दोहोंचा अभाव होता. तांबडी, काळसर, करडी, पांढरी अशी सर्व रंगांची जनावरे एकाच कळपात असत आणि ती दूरच्या बाजारात जात नसत. त्यामुळे ती ‘गावठी’ या एका शब्दाखाली ढकलली गेली.

येथे डांगीशी तुलना उद्बोधक ठरेल. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी आणि नगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले या भागांत डांगी गुरे पाळली जातात. तीही अतिवृष्टीत आणि भातखाचरांत काम करणारीच. त्यांच्या कातडीतून स्रवणाऱ्या तेलकट द्रव्यामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही आणि त्यांची काळी खुरे गारगोटीसारखी कठीण असतात, अशी त्यांची ख्याती आहे. जोशी-फिलिप्स यांच्या ग्रंथात डांगीला स्वतंत्र स्थान मिळाले. डांगीचा रंग काळा-पांढरा व ठसठशीत आहे, घोटीचा बाजार मोठा आहे, आणि मुंबईचा लोहमार्ग त्या बाजाराजवळून जातो. भंडारा-गडचिरोलीच्या जनावराला यांपैकी काहीच लाभले नाही. भातशेतीतील गुणांची परीक्षा दोघांनी सारखीच दिली, निकाल मात्र एकाचाच जाहीर झाला.

स्वातंत्र्यपूर्व काळात गोवंशाविषयीचा विचार सरकारी दप्तराबाहेर सर्वांत गंभीरपणे झाला तो वर्ध्यात. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात, १९४१ पासून, गोसेवेला वाहून घेतले. गोसेवा संघाची परिषद फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यास झाली आणि ११ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. सेवाग्रामची गोशाळा यशवंत महादेव पारनेरकर यांनी सांभाळली. या मंडळींचा आग्रह स्थानिक गाईवर होता आणि वर्ध्याची स्थानिक गाय म्हणजे गवळाऊ. त्यामुळे तिला नवी प्रतिष्ठा लाभली. पुढे वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथील सरकारी क्षेत्रावर या वंशाची जोपासना झाली. परंतु या चळवळीचा एक भाग आज जवळजवळ विस्मृत झाला आहे. गांधीजींच्या मते गोरक्षण केवळ भक्तीने होणार नव्हते. गाय पाळणाऱ्यास परवडली तरच ती वाचणार, आणि परवडण्याच्या हिशेबात तिचे दूध, तिचा बैल, तिचे शेण यांबरोबर मेल्यानंतरचे कातडे व हाडेही येतात, असे ते मानीत. वर्ध्याजवळ नालवाडीचे चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी चालविले ते याच विचाराने. तेथे मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर काम होई. म्हणजे जनावराच्या आयुष्याच्या शेवटी त्याची काही किंमत शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे, हे अर्थशास्त्र गोसेवकांनीही नाकारले नव्हते. कत्तलीला त्यांचा विरोध होता, हिशेबाला नव्हता.

कायद्याने हा शेवटचा आकडा हळूहळू हिशेबातून काढला. मध्यप्रांत व वऱ्हाड प्राणिसंरक्षण अधिनियम १९४९ साली झाला. भंडारा जिल्हा त्या वेळी त्या प्रांतात होता. पुढे मध्य प्रदेशात दुरुस्त्या होऊन बंदीची व्याप्ती वाढली, आणि महंमद हनीफ कुरेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५८ मध्ये तिची मर्यादा ठरवून दिली. गाय व वासरे यांच्या कत्तलीवरील पूर्ण बंदी वैध आहे, परंतु कामातून गेलेल्या बैलाच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असा तो निर्णय होता. तोपर्यंत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भंडारा मुंबई राज्यात आला होता. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणिसंरक्षण अधिनियम याच धोरणाचा. गाईच्या कत्तलीस बंदी आणि ओढकामास वा पैदाशीस निरुपयोगी ठरलेल्या बैलाला दाखल्याने मोकळीक, असे त्याचे स्वरूप होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातच्या प्रकरणात १९५८ ची भूमिका बदलली. म्हाताऱ्या बैलाच्या शेणामुताचेही मोल आहे, हा युक्तिवाद तेथे मान्य झाला. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि मार्च २०१५ पासून वळू व बैल यांच्या कत्तलीवरही राज्यात पूर्ण बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली, मात्र परराज्यात झालेल्या कत्तलीचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैसवर्ग या बंदीच्या बाहेर राहिला.

या कायद्याच्या समर्थनार्थ व विरोधार्थ पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लिखाण धर्म, आहार आणि नागरिकाचे हक्क यांभोवती फिरते. गोवंशाच्या निवडीवर त्याचा काय परिणाम होतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. म्हाताऱ्या बैलाची किंमत हीच लहान शेतकऱ्याच्या नव्या गोऱ्ह्याची पुंजी असे. ती शून्यावर आली म्हणजे नर वासरू हे जन्मतःच ओझे होते, आणि जिच्या पोटी नर निपजल्याने नुकसान अशी गाय, मग ती कितीही शुद्ध जातीची असो, दावणीवरून उतरते. तिची जागा म्हैस घेते. संरक्षणाच्या कायद्याने संरक्षित जनावराचीच दावण रिकामी व्हावी, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. अर्थात दोष एकट्या कायद्याचा म्हणता येणार नाही. त्याआधीच ट्रॅक्टर बांधीत उतरला होता.

ट्रॅक्टरच्या आधी संकर आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील केंद्रग्राम योजना आणि १९६० नंतरच्या दशकातील सघन पशुविकास कार्यक्रम यांनी कृत्रिम रेतन तालुक्यांपर्यंत नेले. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ साली स्थापन केलेल्या संस्थेने जर्सी व होल्स्टिन यांच्या संकराचा प्रसार केला. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी दूधसंघ, ऊस आणि पाटाचे पाणी यांच्या जोडीने हा प्रयोग फळास आला. झाडीपट्टीत तणीस होते, हिरवा चारा नव्हता. संकरित गाईला दूध असे, पण तिच्या खांदा नसलेल्या गोऱ्ह्याला जोखड धरत नसे, आणि चिखलणीसाठी तो निरुपयोगी होता. गवळाऊचा वळू गावात आला तेव्हा बांधीसाठी सडकेचे जनावर सुचविले गेले होते, आता दुधाच्या डेअरीचे सुचविले गेले. दोन्ही वेळा सल्ला देणाऱ्याने शेतकऱ्याला अज्ञ मानले. शेतकऱ्याने दोन्ही वेळा सल्ला ऐकून घेतला आणि आपल्या गावठी गाईची दोन वासरे बांधून ठेवली. या वर्तनाला दप्तरात ‘उदासीनता’ म्हटले गेले. वस्तुतः तो एक निर्णय होता.

या निर्णयाची शास्त्रीय नोंद फार उशिरा झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेची स्थापना १९८४ ची, आणि जातींच्या नोंदणीची पद्धत २००७ नंतरची. नोंदलेल्या दहा नव्या पशुजातींची जी यादी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत विदर्भातील कठाणी गाय आणि पूर्णाथडी म्हैस ही दोन नावे होती. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही कठाणीच. दुहेरी उपयोग, ओढकामाची चांगली क्षमता, आणि धानाच्या दलदलीच्या जमिनीस योग्य, असे या गोवंशाचे वर्णन अधिकृत नोंदीत आले आहे. शंभर वर्षे जे गुण ‘गावठी’ या शब्दाखाली झाकले गेले होते, तेच आता जातिलक्षण ठरले. गवळाऊचा टापू कोठे संपतो आणि कठाणीचा कोठे सुरू होतो, हे भंडारा जिल्ह्यात नकाशावर रेघ ओढून दाखविता येणार नाही. जनावरे बाजारातून, हुंड्यातून, वाट्यातून इकडेतिकडे गेलेली आहेत. परंतु वरठीसारख्या गावातील शेतकऱ्यापुढे निदान आता दोन नावे आहेत. कोरडवाहू, उंचवट्याची जमीन आणि गाडीचे काम असेल तर गवळाऊ, सखल बांधी आणि तणीस असेल तर कठाणी, असा सल्ला आज शास्त्राच्या आधाराने देता येतो.

सल्ला योग्य आहे, वेळ मात्र चुकली आहे. ज्या चिखलणीने हा वंश घडविला ती आता ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी होते. ज्या रानात तो पोसला त्या झुडपी जंगलाला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन मानले, त्यामुळे गावाचा चराईचा व्यवहार पुन्हा वनखात्याच्या नियमांशी बांधला गेला. राज्य शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता-गोमाता ही संज्ञा दिली आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज पन्नास रुपयांचे अनुदान जाहीर केले. ते गोशाळेला मिळते, लहान शेतकऱ्याच्या गोठ्याला नाही. वळूचा प्रश्न तर कोणत्याच योजनेत धड बसत नाही. जात टिकते ती मोकळ्या सोडलेल्या चांगल्या नरांवर, आणि गावचा कळप मोडल्यावर असा नर ठेवणार कोण आणि कोणाच्या चाऱ्यावर?

नर जनावराला आज खरी मागणी आहे ती एकाच ठिकाणी. भंडारा-गोंदियाकडचा शंकरपट सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निर्णयाने थांबला होता. राज्याने २०१७ साली कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. पटाच्या दिवसांत वेगवान जोडीला येणारी किंमत ऐकून शेतकऱ्याचे डोळे विस्फारतात. तेथे पारख होते ती पळण्याची, कोरड्या सरळ दाणीवर. गाळातून पाय उपसणाऱ्या बुटक्या बैलाला तेथे कोणी विचारीत नाही.